शुक्रवारकर

ज्याचा शुक्रवार गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो, तो शुक्रवारकर. पंचांगात हे बसत नाही. पण आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा न्यूझीलंडमध्ये मध्यरात्र होते आणि तिथं नवे आल्बम बाहेर पडायला लागतात. (तिकडच्या उन्हाळ्यात साडेचारलाच, हेही त्याला पाठ.) आपल्याकडची मध्यरात्र अजून साडेसहा तास लांब असते आणि तेवढा वेळ काढायचा कसा, हा त्याचा दर आठवड्याचा प्रश्न. फोनमधला देश बदलून ऑकलंडचा रहिवासी होता येतं का, याचे प्रयोग करून झालेले असतात. कोथरूडमध्ये बसून.

ही जमात साधारण पस्तीस ते पंचेचाळीस या वयात आढळते. नोकरी बरी असते, कारण चांगले हेडफोन महाग असतात. बहुतेक जण हिंजवडीला जातात. एक दंतवैद्यही माझ्या पाहण्यात आहे. त्याच्यापुढे तोंड उघडून बसलेल्या पेशंटला डेन्मार्कचा पोस्ट-पंक ऐकावा लागतो आणि तक्रार करायला तोंड मोकळं नसतं.

शुक्रवारकर भेटल्यावर ‘कसा आहेस’ विचारत नाही, ‘सध्या काय ऐकतोयस’ विचारतो. इथं चुकूनही खरं उत्तर देऊ नये. तुम्ही आठवून आठवून एखाद्या बँडचं नाव घेतलंत, की तो मान हलवून म्हणतो, “हो, पहिला ईपी चांगला होता त्यांचा.” पहिला ईपी, म्हणजे आल्बमपेक्षा लहान, मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड, ही त्याची हक्काची जागा. तिथं तुम्ही वेळेवर पोचलात असं कधी होत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवी. शुक्रवार त्यानं निवडलेला नाही. पूर्वी नवे आल्बम इंग्लंडमध्ये सोमवारी निघायचे आणि अमेरिकेत मंगळवारी. एका देशात निघालेलं गाणं दुसऱ्या देशात अधिकृतपणे पोचेपर्यंत चोरून पोचलेलं असायचं. म्हणून कंपन्यांनी जगभर एकच वार ठरवला आणि १० जुलै २०१५ पासून शुक्रवार लागू झाला. आपल्याकडे शुक्रवारला आधीच कामं कमी नव्हती. श्रावणात जिवती, एरवी संतोषीमाता. त्यात ही भर पडली. संतोषीमातेला निदान सोळा शुक्रवारांनंतर उद्यापन तरी आहे. याच्या व्रताला उद्यापनच नाही. सतराव्या शुक्रवारी पुन्हा चाळीस आल्बम.

चाळीस हा त्यानं चाळून घेतलेला आकडा. एरवी ऑनलाइन दररोज लाखाच्या आसपास नवी गाणी चढतात असं सांगतात. त्यामुळे शुक्रवारकराला शिस्त लागते आणि शिस्तीसाठी एक्सेल लागतं. फाइलमध्ये तीन रकाने असतात: ‘ऐकायचे’, ‘ऐकले’ आणि ‘पुन्हा ऐकायचे’. पहिल्यातून दुसऱ्यात माल सरकत राहतो. तिसऱ्यातून बाहेर काही येत नाही. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक नावापुढे ‘ग्रोअर’ असा शेरा असतो. ग्रोअर म्हणजे पहिल्या खेपेला न कळणारा आणि पाचव्या-सहाव्या खेपेला उलगडणारा आल्बम. असे आल्बम ओळखण्यात शुक्रवारकराचा हात धरणारा कोणी नाही. पाचव्या खेपेपर्यंत तो एकाही आल्बमबरोबर राहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

त्याची खरी कसोटी लागली ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये. मेलबर्नच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या बँडनं त्या एका महिन्यात तीन आल्बम काढले. पहिला ७ तारखेला, म्हणजे दसऱ्याचं सोनं वाटून दोन दिवस होतात न होतात तोच. दुसरा १२ तारखेला, तोही चक्क बुधवारी. तिसरा २८ ला, भाऊबीजेच्या ओवाळणीचा हिशेब घरात अजून चालू होता तेव्हा. मधे अख्खी दिवाळी. माझ्या ओळखीचा शुक्रवारकर त्या दिवसांत कानात हेडफोन घालून चकल्या पाडत होता आणि चकलीचा वेढा किती झाला याकडे त्याचं लक्ष नव्हतं. “अरे, आकाशकंदील वसुबारसेला लागतो, देवदिवाळीला नाही,” असं बायकोनं दोनदा सांगितलं. दुसऱ्या आल्बमात नेमक्या पंधरा-पंधरा मिनिटांची दोनच गाणी होती, हा त्याला बँडनं आपल्यावर केलेला उपकार वाटला. या मंडळींनी त्या वर्षात एकूण पाच आल्बम काढले. २०१७ मध्येही पाचच काढले होते. त्यातला एक तर कोणीही छापावा, विकावा म्हणून फुकट सोडून दिला. कौतुक करावं तेवढं थोडं, पण करायला वेळ कुणाला आहे?

म्हणूनच त्याच्या मनात खरं प्रेम आहे ते माय ब्लडी व्हॅलेंटाइनवर. त्यांचा एक आल्बम १९९१ मध्ये आला आणि पुढचा २०१३ मध्ये. असा विचार करणारी माणसं आता कमी राहिलीत, असं तो म्हणतो.

तो ऐकतो ते ‘इंडी’ म्हणजे नक्की काय, हे त्याला कधी विचारू नये. विचारायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बड्या घराण्यांत ज्याचं नाव नाही तो इंडी, इथवर ठीक चालतं. मग भारत येतो आणि घोळ होतो, कारण आपल्याकडे सिनेमात नसलेलं ते सगळंच इंडी. प्रतीक कुहाडचं उदाहरण घ्या. जयपूरचा मुलगा, न्यूयॉर्कला गणित आणि अर्थशास्त्र शिकला, परत येऊन गिटारवर हळू आवाजात गाऊ लागला. शुक्रवारकराला तो फार प्रिय. मग २०१९ च्या अखेरीला बराक ओबामांनी आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं ‘कोल्ड/मेस’ घातलं आणि शुक्रवारकराचा चेहरा पडला. पुढच्याच वर्षी प्रतीक इलेक्ट्रा कंपनीत गेला. इलेक्ट्रा वॉर्नरची. आता हा आत की बाहेर? यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर जी चर्चा झाली ती सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेलाही लाजवील. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँड अजून शुक्रवारकराच्या मर्जीत आहे. २०१९ च्या ‘बिस्मिल्लाह’नंतर ‘बीटा’ यायला २०२४ उजाडलं आणि मधल्या पाच वर्षांत ओबामांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

मराठीचं काय, असं विचारलं तर तो थोडा चाचपडतो. आरेच्या जंगलावरचं ‘द वारली रिव्होल्ट’ स्वदेसी या रॅप गटानं प्रकाश भोईर यांना घेऊन २०१९ मध्ये केलं, ते त्याला ठाऊक असतं. अर्थात एका लंडनच्या यादीत वाचून. ‘तांबडी चामडी’ हे गाणं त्याला ठाऊक नसण्याचा प्रश्नच नव्हता. २०२४ मध्ये ते सोसायटीच्या वरातीत वाजत होतं. पण वरातीत वाजणाऱ्या गाण्याला तो दशांशात गुण देत नाही.

दशांशाची सवय त्याला पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या वेबसाइटनं लावली. रायन श्रायबर नावाच्या पोरसवदा मुलानं नव्वदच्या दशकाच्या मध्याला मिनियापोलिसजवळ घरी बसून सुरू केलेला हा उद्योग. आल्बमला दहापैकी गुण, तेही ७.३, ८.१ असे. ७.३ आणि ७.४ यांच्यात नक्की काय कमी-जास्त असतं हे आजवर कुणी सांगितलेलं नाही, पण त्या एका दशांशावरून मित्र दुरावले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मालकांनी पिचफोर्क पुरुषांच्या फॅशनच्या जीक्यू या मासिकात विलीन केलं. त्या दिवशी शुक्रवारकर जेवला नाही. आईनं विचारलं, “ऑफिसात काही झालं का रे?” त्यानं सांगायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, “मग पँट-शर्टालाही असे गुण देणार का आता?”

ही आई या सगळ्या प्रकरणातली जाणकार बाई आहे, असं माझं मत आहे. शनिवारी सकाळी हॉलमधल्या स्पीकरवर आठवड्याचा माल वाजतो तेव्हा ती मटार सोलत बसलेली असते. भाषा कळत नाही, नावं कळत नाहीत, पण कान शाबूत आहे. मुलगा नव्या गायकाविषयी ‘काय हळवा आवाज आहे’ म्हणाला की ती म्हणते, “याच्यापेक्षा मागच्या शनिवारचा पोरगा बरा रडत होता.” मुलाला मागच्या शनिवारचा पोरगा कोण ते आठवत नाही. तो एक्सेल उघडतो. आई तोवर त्या पोराची चाल गुणगुणून दाखवते, तीही सुरात.

वडिलांची तऱ्हा निराळी. तेही रसिक, पण त्यांचा संसार एकपत्नी. किशोरीताईंचा भूप ते चाळीस वर्षं ऐकतायत आणि ‘अजून नीट कळला नाही’ म्हणतात. सवाई गंधर्व महोत्सवाला रमणबागेच्या मैदानावर भारतीय बैठकीत मांडी घालून रात्री काढलेल्या. मुलगा २०१० मध्ये कोरेगाव पार्कात पहिल्या एनएच-सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवाला गेला. कितीतरी स्टेज, एकाच वेळी वाजणारी. परत आल्यावर वडिलांनी विचारलं, “कोण कोण ऐकलंस?” मुलानं पंधरा-सोळा नावं सांगितली. “आणि कुणाचं पूर्ण ऐकलंस?” यावर घरात शांतता पसरली ती, आई सांगते, रात्रीच्या जेवणापर्यंत टिकली. खरं सांगायचं तर वडिलांचाही मी पूर्ण पक्षपाती नाही. भूप सोडून दुसरं काही ऐकवायला गेलं की ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

नोव्हेंबर सरत आला की शुक्रवारकराला हुरहूर लागते. जगभरातल्या ‘वर्षातले सर्वोत्तम पन्नास’ अशा याद्या डिसेंबर उजाडायच्या आतच यायला लागतात. त्यात आपण न ऐकलेलं नाव निघालं तर? निघतंच. मग रात्री जागून ते ऐकायचं आणि सकाळी ‘जरा ओव्हररेटेड’ म्हणायचं. त्याची स्वतःचीही यादी असते. ती तो ३१ तारखेला रात्री ग्रुपवर टाकतो. त्या वेळी ग्रुपवरचे बाकीचे सहा जण आपापली यादी टाकत असतात, त्यामुळे ती कोणी वाचत नाही. अपवाद एकदाच घडला. त्याच्या बायकोनं यादी वाचली आणि ती म्हणाली, “यातला एक नंबरचा लाव ना.” त्यानं लावला. तिसऱ्या गाण्याला त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटलं ते तिनं नीट पाहिलं. पुढच्या वर्षापासून ती विचारत नाही. चांगली बाई आहे.

इथवर हसून झालं. आता पैशांचं बोलू, कारण तिथं आपली बाजू लंगडी आहे. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की वर्षभरात हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्यामागे कलाकाराला काहीच मिळत नाही. लहान बँडची कितीतरी गाणी त्या रेषेच्या खाली असतात. शुक्रवारकराला हे माहीत असतं. म्हणून तो बँडकॅम्पवर जाऊन आल्बम विकत घेतो. तिथं डिजिटल आल्बमच्या शंभर रुपयांतले साधारण पंधरा कंपनी ठेवते आणि बाकीचा बहुतेक भाग बँडला जातो. २०२० च्या मार्चमध्ये गिग बंद पडून वादकांची उपासमार व्हायला लागली तेव्हा बँडकॅम्पनं एक दिवस ते पंधराही सोडले. पुढे असे बरेच दिवस आले. तेही शुक्रवारच. आयुष्यात कधी सेल न चुकवणारी बायको घरात असताना हा गृहस्थ पूर्ण किंमत देतो, वर टिप म्हणून दोन-चार डॉलर चढवतो आणि कधीकधी विनाइलही मागवतो. त्याचं टपालखर्च आणि कस्टम धरून जे बिल होतं ते तो कपाटात पावत्यांच्या तळाशी ठेवतो. घरात रेकॉर्ड प्लेअर नाही.

पुण्यात बँड येतो तेव्हा समोर वीसेक माणसं असतात. त्यातली निम्मी वाजवणाऱ्यांची मित्रमंडळी, काही बिअरसाठी आलेली. तिकीट काढून आलेला, पहिल्या रांगेत उभा असलेला आणि जाताना टी-शर्ट घेऊन जाणारा माणूस म्हणजे हा. त्याला त्यांची गाणी पाठ नसतात. एकदाच ऐकलेली असतात ना. पण पुढचा आल्बम रेकॉर्ड करायला स्टुडिओचं भाडं लागतं. त्यात या माणसाच्या तिकिटाचे पैसे आहेत, तुमच्या-माझ्या आवडीचे नाहीत. आपण सगळे फुकट ऐकणारे. तेव्हा वाचकहो, येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला ऑफिसात कोणी अचानक हेडफोन चढवला तर त्याला हाक मारू नका.