अर्जवाले आप्पा

साखर कारखान्याच्या प्रत्येक वसाहतीत एक अर्जवाले आप्पा असतातच. अंकुशनगर त्याला अपवाद कसं असेल? अंबड तालुक्यातली, सोलापूर-धुळे महामार्गालगतची ही वस्ती समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढली आणि तिला नाव मिळालं अंकुशराव टोपे यांचं. ते १९९१ साली जालन्यातून लोकसभेवर गेले, ही माहिती आप्पा न विचारता देतात. विचारलं तर अख्खी निवडणूक सांगतात.

आप्पा निवृत्त टाइमकीपर. दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी करण्यात उभी हयात गेली; आता गावातल्या पोरांना नोकरीला धाडायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. बी.कॉम. असो, बी.एस्सी. असो, फुलस्केप कागद, डावीकडे समास आणि निळी शाई एवढं आणायचं. पहिला प्रश्न शिक्षणाचा नसतो.

"कुणाचा रे तू?"

बापाचं नाव, ऊस कुठल्या गटात, तोड आली का, एवढं झालं की आप्पा डोळे मिटतात. "लिव्ह. मा. महाव्यवस्थापक साहेब यांचे सेवेशी. विषय, नोकरी मिळणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की..."

त्या 'की'नंतर परिस्थिती सुरू होते. वडील अल्पभूधारक. बहीण लग्नाची. विहीर मार्चातच तळाला. मोसंबीची बाग वाळलेली. आईचे गुडघे. पोरगं काय शिकलंय हे शेवटून दुसऱ्या ओळीत, तेही कागद उरला तर. एकाच्या घरी चांगली बागायत आणि दोन दुभत्या म्हशी होत्या. आप्पांनी म्हशी गाळल्या. "खोटं लिहायचं नाही बापू. पण सगळं खरं लिहायला हा काय पंचनामा आहे?"

ही भाषा एके काळी चालून जायची. चिटबॉय, काट्यावरचा क्लार्क, लॅबमधला हंगामी मदतनीस, अशा जागांसाठी अर्ज वाचणाऱ्याला अर्जदार नाही तरी त्याचा बाप माहीत असायचा. आता पोरं वाळूजला, शेंद्र्याला, पार चाकणला ई-मेल करतात आणि तिकडचे लोक कव्हर लेटर मागतात. तिथं कुणाला कुणाचा बाप माहीत नसतो. आप्पांच्या मते कंपन्या तोट्यात जातात त्या यामुळेच.

परवा रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली एक मुलगी मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेतलेलं पत्र घेऊन आली. इंग्रजी झोकदार होतं. आप्पांनी तिला एकेक ओळ मराठीत सांगायला लावली. ती मेहनती होती, जिद्दी होती, नेतृत्व तिच्या अंगात होतं, चार माणसांत मिसळून काम करण्याची तिला आवड होती.

"हे सगळं स्वतःच्या तोंडानं?" आप्पा हबकले. "घरात सांगणारं दुसरं कुणी नाही का?"

मग म्हणाले, "ब्रिक्स काढता येतो का तुला?"

"येतो की आप्पा. प्रोजेक्टच होता माझा. पोलसुद्धा काढते."

ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं शेकडा प्रमाण, पोल म्हणजे ढोबळमानानं त्यातली साखर. ऊस पक्व झाला का, हे यावरून कळतं. पोरीच्या हातात नेमकी ही विद्या होती आणि पत्रात तिचा पत्ता नव्हता. एआयनं ती गाळली होती. आप्पांच्या अर्जातही ती गुडघ्यांच्या खालीच आली असती. माझ्या मते दोघंही एकाच तालमीतले.

मला राहवलं नाही. म्हटलं, आप्पा, साधारण १४८२ साली लिओनार्दो दा विंचीनं मिलानच्या लुदोविको स्फोर्झासाठी असाच अर्ज लिहिला होता. हलके पूल बांधतो, तोफा करतो, भुयारं खणतो, असं एकेक कलम घालून. आणि चित्रही काढतो, हे पार शेवटी.

"वडील काय करायचे त्याचे?"

"नोटरी होते."

"मग पोराला अर्ज कशाला करावा लागला? बरं, लागली का नोकरी?"

"लागली."

"कायम का हंगामी?"

मी सांगितलं, १४९९ साली फ्रेंचांनी मिलान घेतलं आणि त्याला तिथून निघावं लागलं.

"म्हणजे हंगामीच," आप्पांनी निकाल दिला.

पत्र अखेर पोरीनंच नव्यानं लिहिलं. ब्रिक्स पहिल्या ओळीत. आप्पांनी हट्टानं खाली 'आपली विश्वासू' एवढं राखलं. रात्री नऊच्या सुमारास तिनं ई-मेल पाठवला तेव्हा आप्पा शेजारीच बसलेले. "पोच घे. पोच घेतल्याबिगर हलायचं नाही."

तेवढ्यात मोबाइल वाजला. आपला अर्ज मिळाला, धन्यवाद, असं कंपनीच्या यंत्रानं आपोआप कळवलं होतं. आप्पांनी ते दोनदा वाचून घेतलं.

"रात्री नऊला खुर्चीत बसून पोच देणारा साहेब! देवमाणूस आहे गं. आईच्या गुडघ्यांचं घालायला पाहिजे होतं."