नल्ली

रविवारची सकाळ, पुणे-लोणावळा लोकल, डबा खच्चून भरलेला. तळेगावला अण्णा चढले, मी धरून ठेवलेल्या जागेवर टेकले आणि वडगाव सुटता सुटता त्यांचा फोन वाजला. साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "नल्ली मिळाली का?"

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, चाळीस वर्षं देहूची एकादशी न चुकवलेला माणूस. समोरच्या बाईंनी पदर सावरून खिडकीकडे तोंड फिरवलं. "जुनी असली तरी चालेल," अण्णा म्हणाले. "तुकडा असला तरी पाठवा."

खलाशाजवळ एक पुस्तक असतं. कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, कप्तानाचा शेरा काय, हे सगळं त्यात. सरकारी नाव सीडीसी, पण बोटीवरच्या लोकांच्या तोंडी नल्ली. हे डब्याला समजावून सांगेपर्यंत कामशेत आलं होतं. तिथे उतरणारा एकजण कळवळून म्हणाला, "बाबा, माळ घालून कशाला पण?"

अण्णा माझे मामा. देहूरोडच्या डेपोत कारकुनी करून निवृत्त झाले. तोवर त्यांनी पाणी पाहिलं ते पवना धरणाचं आणि भातखाचरातलं. पण त्यांचे थोरले चुलते, आबा, १९४१ साली बैलाच्या व्यवहारावरून बापाशी भांडले आणि घाट उतरून मुंबईला गेले ते थेट बोटीवर. १९४६ला परत आले तेव्हा सोबत पत्र्याची ट्रंक होती. त्या ट्रंकेत एक इनॅमलचा मग आणि सहा टोकांचा तांबूस तारा. ताऱ्याची फीत पुढे कुणाच्याशा बारशात झबल्याला लागली आणि ताऱ्यावर घरातली तीन पिढ्यांची पोरं फौजदार-फौजदार खेळली. आबा जन्मभर भात लावत राहिले. युद्धाचं विचारलं तर म्हणायचे, "लय पाणी होतं." १९७१ला गेले. पुढे गावाने त्यांच्या नावावर एक जपानी बोट बुडवून टाकली.

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, गुडघे दुखवून घेतात. अण्णांनी आबा हाती घेतले.

पहिली स्वारी साहजिकच भुशी धरणाकडे. नेव्ही म्हणजे आपल्या लोणावळ्याची 'शिवाजी', मग कागदही तिथेच असणार! फाटकावरच्या जवानाने त्यांना पाणी दिलं आणि अदबीने सांगितलं, बाबा, ही शिकवायची जागा, आणि सुरू झाली १९४५ला. तुमचे चुलते तर त्याआधीच समुद्रावर. खलाशांचे कागद मानखुर्दला, चीता कॅम्पात. अण्णा येताना दोन किलो चिक्की घेऊन आले आणि मामीला म्हणाले, "प्रगती आहे."

मानखुर्दच्या वाटेवर कधीतरी त्यांना दुसरा साक्षात्कार झाला. लढाऊ बोटींची नेव्ही वेगळी आणि माल वाहणाऱ्या बोटींची मर्चंट नेव्ही वेगळी. दोघांचे कागद वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. तेव्हापासून लग्नात कुणी "आमचा जावई नेव्हीत आहे" म्हणालं की अण्णा पंगतीतून उठून येतात. "कुठल्या?"

त्यांचं आवडतं वाक्य एकच: "कागद काय म्हणतो?" शेजारीण म्हणाली, सून चांगली आहे. कागद काय म्हणतो? डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय. तिथे मात्र कागद बोलतो, म्हणून अण्णा तो बघत नाहीत. नल्लीत कामाला एक आणि वागणुकीला एक असे दोन शेरे असतात, बहुतेकांचे 'व्हेरी गुड', हे कळल्यापासून घरातही तीच पद्धत. परवा पिठलं खाऊन म्हणाले, "काम व्हेरी गुड. वागणूक साधारण." मामीने ताट उचलून नेलं.

कागद नसला की अण्णा तर्क करतात. एका वर्षी अण्णांच्या तर्काने आबा 'बेंगाल'वर होते. ११ नोव्हेंबर १९४२ला एकुलत्या छोट्या तोफेनिशी दोन जपानी बोटींना भिडलेली ती चिमुकली सुरुंगशोधक बोट. दुसऱ्या वर्षी ते 'तिलावा'वर होते. मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ही बोट त्याच महिन्यात, २३ तारखेला, जपानी पाणबुडीने बुडवली आणि २८० माणसं गेली. "म्हणजे आबा बाराव्या दिवशी एका बोटीवरून दुसरीवर?" मी विचारलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा शेरा मला कळला. मग १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' फुटली, स्फोटकांबरोबर कापूस आणि सोन्याच्या विटाही उडाल्या. त्या दिवशी आबा गोदीत असणारच. मामीचा प्रश्न फक्त विटांबद्दल होता.

एकदा मला घेऊन ते मशीद बंदरला गेले. तिथल्या खलाशांच्या वसतिगृहाच्या आवारात स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांवर हिंदी खलाशांचं. नावं दगडावर नाहीत, वहीत आहेत. तीच नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या यादीतही सापडतात. घरी येऊन अण्णांनी ती यादी मोबाइलवर चार रात्री चाळली.

"अण्णा, आबांना तुम्हीच खांदा दिलात ना?"

"दिला. पण ते युद्धात मेले नाहीत, हे कागदावर यायला नको?"

एका कचेरीने सात वर्षं पत्राला उत्तर दिलं नाही, आठव्या वर्षी आबांचा नंबर विचारला. नंबरासाठीच तर पत्र होतं. शेवटी लंडनमधल्या क्यू इथल्या दप्तरखान्यात युद्धकाळातल्या बोटींच्या खलाशी-याद्या असतात असं कळलं आणि माझ्या मुलीने चिकाटीने एक पान मागवलं. दोन महिने अण्णा जो भेटेल त्याला "आपलं काम क्यूमध्ये आहे" असं सांगत होते. ऐकणाऱ्याला वाटे, रेशन असेल.

गेल्या महिन्यात पान आलं. साहेबाने कानाने लिहिलेलं नाव. आडनाव नाही. बापाचं नाव बरोबर. गाव 'काम्सेट'. हुद्दा: भंडारी.

"भंडारी?" मामी म्हणाली. "आपण कधीपासून?"

"जात नव्हे गं. बोटीवरचा स्वयंपाकी."

मामी मटकन बसली. "मामंजी? चुलीपुढे पाट ठेवून कधी बसले नाहीत. चहा गार झाला तर हाका मारायचे!"

जपानी बोट बुडवणारा माणूस पन्नास जणांचा भात रांधत होता, हे अण्णांना लागेल असं मला वाटलं होतं. अण्णांनी चष्मा वर केला. नावापुढे सहीच्या जागी काळा ठसा होता. ते उठले, ट्रंक उघडली आणि जमिनीचं जुनं खरेदीखत काढलं. खाली 'नि. डा. हा. अं.' आणि शेजारी जांभळा, जरा फिसकटलेला अंगठा. कागद लॅपटॉपच्या पडद्याला भिडवून ते बराच वेळ वाकून बघत राहिले. इकडची रेघ, तिकडची रेघ.

"मधला भोवरा बघ," म्हणाले. "तू बघ. माझे डोळे भरोशाचे नाहीत."

मी पाहिलं. मला दोन्हीकडे अंगठाच दिसत होता.

"तळेगावात कुणी रिटायर पोलीस आहे का रे," अण्णा म्हणाले, "ठसेवाला?"