तोंडपाटीलकीतून कादंबरी

हात न हलवता कादंबरी लिहिण्याचे शास्त्र अलिबागच्या अष्टागरात रुजायला काहीच अडचण नसावी. नारळी-पोफळीच्या वाडीला पाणी सोडले की उरलेली सकाळ बोलण्यात घालवायची, ही इथली परंपरा जुनी आहे. फक्त ते बोलणे कोणी उतरवून घेत नव्हते. २०१७ साली गुगलच्या आवाजी टंकलेखनात मराठी आली आणि तीही सबब गेली. तेव्हा रेवस ते रेवदंडा या पट्ट्यातील होतकरू कादंबरीकारांनी पुढील मार्गदर्शन ध्यानात घ्यावे.

प्रथम लेखनिक नेमावा. या पदावर पहिली नेमणूक महाभारतासाठी गणपतीची झाली. त्याची अट अशी की लेखणी एकदा चालू लागली की थांबणार नाही. व्यासांनी उलट अट घातली: अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर लिहायचे नाही. पुढचे सुचेनासे झाले की व्यास एक कूटश्लोक टाकत, गणपती विचारात पडे, आणि तेवढ्यात व्यास पुढची जुळवाजुळव करून घेत. कादंबरीकाराने कथानकाच्या आधी हे तंत्र शिकावे. नायिकेला मागच्या प्रकरणात कुठे सोडले ते आठवेना, की नायकाच्या तोंडी ‘काळ म्हणजे तरी काय, परतीची भरती नसलेली ओहोटीच ना?’ असे काहीतरी घालावे. लेखनिक डोके खाजवत बसला की आपण चहा घ्यावा.

मूळ लेखनिक मिळण्याची आशा मात्र धरू नये. पेणच्या कारखान्यांतून दरवर्षी लाखांनी गणपती बाहेर पडतात, पण बहुतेकांची रजा दीड दिवसाची असते.

मग माणूस पाहावा. रशियात दस्तयेव्हस्कीने पाहिला होता. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षे त्याच्या लेखनाचे हक्क प्रकाशकाकडे जाणार, असा करार तो करून बसला होता. ऑक्टोबरात त्याने आन्ना स्नित्किना नावाची वीस वर्षांची लघुलेखिका ठेवली, २६ दिवसांत ‘जुगारी’ सांगून संपवली आणि पुढच्या फेब्रुवारीत तिच्याशी लग्न केले. मानधन वाचवण्याची ही पद्धत विवाहित लेखकांना शिफारस करता येत नाही.

आपल्याकडे लघुलेखक दुर्मीळ; कोर्टाबाहेर झाडाखाली बसणारे टंकलेखक मात्र आहेत. त्यांचा वेग उत्तम, शुद्धलेखन बरे, आणि चहावर काम उरकते. अडचण एवढीच, की आयुष्यभर प्रतिज्ञापत्रे केलेला हात वळण सोडत नाही. तुम्ही सांगावे, ‘ती लाजत म्हणाली, माझं तुमच्यावर प्रेम आहे.’ कागदावर येते: ‘मी, वय वर्षे २२, धंदा घरकाम, राहणार नागाव, तालुका अलिबाग, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझे सामनेवाले यांच्यावर प्रेम असून सदर प्रेम मी कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे.’ हे खोडण्याची घाई करू नये. अनेक छापील प्रेमप्रसंगांपेक्षा यात निदान वय आणि पत्ता कळतो.

याच पट्ट्यातल्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो. तोही कोणीतरी सांगितला आणि दुसऱ्या कोणीतरी कोरला असणार. दगडावर खोडाखोड चालत नाही, त्यामुळे सांगणाऱ्याने थोडक्यात आवरले. शिवाय दान मोडणाऱ्यासाठी गधेगाळीच्या शापाची सोय करून ठेवली. आजच्या प्रकाशनव्यवहारात स्वामित्वहक्काच्या सूचनेऐवजी हीच तरतूद जास्त उपयोगी पडेल, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

वि. स. खांडेकर उतारवयात दृष्टी गेल्यावर लेखनिकाला मजकूर सांगत. त्यांची गरज खरी होती आणि वाक्य तोंडातून बाहेर पडण्याआधी डोक्यात पुरे झालेले असे, म्हणून त्यांचे उदाहरण आम्ही होतकरूंपुढे ठेवत नाही. टिळकही केसरीचे अग्रलेख तोंडी सांगत. पण अग्रलेख हे काल्पनिक साहित्य नव्हे, निदान त्या वेळी नव्हते.

राहता राहिला फोन. तो फुकट आहे, चहा मागत नाही, आणि व्यासांची अट त्याने कधीच मान्य केलेली नाही. अर्थ न कळता तो धडाधड लिहीत सुटतो, त्यामुळे त्याच्यापुढे कूटश्लोक टाकून काही साधत नाही. तो श्लोकही टाइप करून तयार. ‘अंगणात बोंबील वाळत घातले होते’ असे सांगितले की अंगणात मोबाईल वाळतात. आगरी पात्रे असतील तर जपून. आगरी माणूस वाडीला वारी म्हणतो. तुमचा नायक ‘वारीन जातो’ म्हणून नारळ पाडायला निघाला, की फोन त्याला पंढरपूरच्या रस्त्याला लावतो. तीन प्रकरणे तो चंद्रभागेत आणि बायको इकडे विहिरीवर. संतसाहित्याचा पुरस्कार मिळण्याची शक्यता दिसल्यास दुरुस्ती करू नये.

‘पूर्णविराम’ म्हणाल तर तो कधी टिंब देतो, कधी पूर्णविराम हा शब्दच. ‘म्हणजे’, ‘ना’, ‘काय झालं माहितीये का’ हे मात्र न चुकता उतरवतो. ते गाळून वाचल्यास कादंबरीची कथा होते.

जागेची निवड महत्त्वाची. मांडव्याच्या लाँचमध्ये सांगू नये. गेटवेपासून तासभर हाताशी असतो हे खरे, पण इंजिनाच्या वर आवाज चढवून मरणप्रसंग सांगावा लागतो, आणि वडिलांच्या अखेरच्या शब्दांत ‘बॅगा बाजूला घ्या, उतरणाऱ्यांना आधी जाऊ द्या’ हे मिसळते. किनाऱ्यावर वारा फोनमध्ये शिरतो. हिवाळ्यात पोपटीभोवती बसून सांगू नये. मडके उघडले की वालाच्या शेंगांपुढे कथानक टिकत नाही.

उरते घरची पडवी. इथे खून असलेली कादंबरी सांगताना शेजाऱ्यांना पूर्वकल्पना द्यावी. ‘आज रात्री म्हाताऱ्याला विहिरीत ढकलायचंच’ हे वाक्य कुंपणापलीकडे संदर्भासह पोहोचत नाही. पूर्वकल्पना दिलीत तर वेगळी पंचाईत. चौथ्या प्रकरणापासून शेजारच्या काकू धुणे वाळत घालायला ठरलेल्या वेळी येतात, आणि म्हाताऱ्याला पोहता येत होते ही आठवण तुम्हाला त्याच करून देतात. मग काका येतात. विहिरीला पायऱ्या आहेत का, हे विचारतात. व्यासांची अट पाळणारे लेखनिक हेच. त्यांना अर्थ कळला नाही तर ते गप्प बसत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नये. फोन कुंपणाच्या बाजूला सरकवून ठेवावा आणि त्याची बॅटरी भरलेली आहे एवढे पाहावे.