दोन किलो मिरचीचा ठेचा

मुळशीत पौडला जमीन घेतलेला पुणेकर पहिल्या वर्षी कुंपण घालतो, दुसऱ्या वर्षी आंबे लावतो आणि तिसऱ्या वर्षापासून किडींवर बोलू लागतो. शनिवारी सकाळी चांदणी चौक ओलांडून येणाऱ्या गाडीच्या डिकीत निंबोळी तेलाची बाटली आणि पिवळे चिकट सापळे असतातच. बाग सेंद्रिय ठेवायची, हे जमिनीच्या आधी ठरलेलं असतं. सेंद्रिय म्हणजे कुणाला न दुखावता, अशी एक गोड समजूतही सोबत असते.

किडींवर फवारायच्या दशपर्णी अर्काचा ड्रम भरायला घेतला की ती समजूत पहिल्यांदा डळमळते. दोनशे लिटर पाणी, पाच किलो कडुनिंबाचा पाला, निरगुडी, करंज, सीताफळ, एरंड, रुई, कण्हेर वगैरे मंडळी दोन-दोन किलो, तीन किलो शेण, पाच लिटर गोमूत्र, पाव किलो लसूण आणि दोन किलो हिरव्या मिरचीचा ठेचा. हे सगळं महिनाभर आंबवायचं, रोज ढवळायचं. निरगुडी, करंज आसपास मिळून जातात; मुळशीच्या पावसात कडुनिंब तेवढा खुशीत नसतो. आमच्याकडे खुरपणीला येणाऱ्या मावशींनी ठेच्याचं पातेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात अख्ख्या वाडीचं जेवण झालं असतं की वो. आन् खाणार कोन, तर किडं!"

त्यातून पाऊस. सकाळी फवारावं तर दुपारी सगळं धुऊन ओढ्याला. उघडीप मिळाली आणि ऊन पडलं, तर निंबोळीतलं औषधी द्रव्य उन्हाने लवकर निकामी होतं. म्हणून निंबोळी अर्क संध्याकाळी फवारायचा, आणि मुळशीत जुलैतली कोरडी संध्याकाळ ही मुहूर्तासारखी गाठावी लागते.

खरी गंमत मात्र ड्रमात नाही, चवळीच्या शेंड्यावर आहे. तिथे मावा दाटीवाटीने बसलेला असतो. त्याची मादी नराची वाट पाहत नाही. थेट पिल्लंच घालते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच तयार होत असते. मुंग्या या कुटुंबाची राखण करतात, कारण माव्याच्या अंगातून गोड चिकटा झरतो. अशा या सुखी वसाहतीत एक काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या तोंडवळ्याची अळी शिरते आणि एकेक मावा धरून खात सुटते. ही ढालकिड्याची अळी. मोठेपणी लाल टोपी घालून आली की लोक तिचे फोटो काढतात. लहानपणी मात्र 'ई, काय हे!' म्हणून पहिली तीच चपलेखाली जाते. साबणाच्या पाण्याचा फवाराही माव्याबरोबर तिला मारतो. सेंद्रिय औषधाला आपला-परका कळत नाही.

किड्यानेच कीड संपवण्याचा प्रकार मोठ्या प्रमाणावरही घडून गेला आहे. 2008 साली कोइमतूरजवळ पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आला आणि पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही पोचला. मेणचट पांढऱ्या कापसाखाली बसल्यामुळे औषधं त्याच्यापर्यंत धड पोचत नव्हती. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून जेमतेम दिसतील एवढ्या गांधीलमाश्या आणून सोडल्या. त्या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात आणि बाहेर येणारी अळी त्याला आतून संपवते. काम चोख झालं. अहिंसा वगैरे म्हणायची मात्र सोय नाही.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसते ती फुलपाखराची अळी. काडीने डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि असा काही वास सोडते की आपल्या ड्रमानेही नाक मुरडावं. झाड मोठं असेल तर तिला खाऊ द्यावं. छोट्या रोपावरून हाताने उचलावी, बस.

तेव्हा मावा दिसला की लगेच पंप उचलू नका. आधी पान उलटं करून बघा. उभ्या चिकटवलेल्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका किंवा ती मगर दिसली, तर आठवडाभर हात आवरा. काहीच नसेल तर संध्याकाळी, उघडीप बघून फवारा. आणि ठेचा मिक्सरमध्ये करणार असाल, तर तो मिक्सर पुन्हा घरात नेऊ नका.