एकाक्षरपंत

लोकांना नावं ठेवण्यात एकाक्षरपंतांचा हात धरणारा जयपुरात दुसरा मराठी माणूस नाही. नाव ठेवायचं जमत नाही ते फक्त कोडमधल्या चलांना. मुलीच्या बारशाआधी दोन महिने याद्या चालल्या होत्या. कोडमध्ये बारसं एका फटक्यात: ए, बी, सी. अक्षरं संपली की एए, बीबी.

पाहुण्यांना जंतरमंतर दाखवून आल्यावर पंतांना हुक्की आली. सम्राट यंत्राची सावली वाचून घड्याळाची वेळ सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा! सवाई जयसिंगांचं हे २७ मीटर उंच यंत्र जयपूरची स्थानिक वेळ दाखवतं. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, जयपूर ७५.८ वर, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे फरक सुमारे २७ मिनिटांचा. शिवाय सूर्य वर्षभर घड्याळाच्या पुढेमागे होतो, त्याची दुरुस्ती वेगळी. हा सगळा संसार पंतांनी एका ओळीत बसवला:

टी = एस + ४*(८२.५ - एल) - ई

ओळ देखणी आहे, खोटं कशाला बोला. पण लहान लिपीतला एल पडद्यावर एकाच्या आकड्यासारखा दिसतो. पायथॉनच्या 'पेप ८' या शैलीपुस्तिकेत एकट्या एलला नाव म्हणून चक्क मज्जाव आहे.

खरा घात केला तो ईने. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटं पुढे असतो. पंतांनी उतरवून घेतलेल्या तक्त्यात मात्र 'पुढे'ला उणे चिन्ह होतं (दोन्ही पद्धती रूढ आहेत), आणि प्रोग्रॅम ३२ मिनिटं चुकला. चलाचं नाव 'सूर्य_पुढे_मिनिटं' असतं तर आकडा भरतानाच हात थबकला असता.

"सर, ये ई क्या है?" शेजारच्या जयपुरी पोरानं विचारलं.

"ई मतलब ई!"

पोर हटेना, तेव्हा पंतांनी थेट भास्कराचार्यांना साक्षीला काढलं. १२व्या शतकातल्या 'बीजगणिता'त अज्ञात राशींना या, का, नी अशी एकेकच अक्षरं आहेत! आहेत खरी. पण 'या' म्हणजे यावत्तावत्, 'का' म्हणजे कालक, 'नी' म्हणजे नीलक. प्रत्येक अक्षरामागे अख्खं नाव, आणि ते वाचणाऱ्याला ठाऊक. फेऱ्या मोजणाऱ्या आय आणि जेचंही तसंच. जुन्या फोरट्रानमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं न सांगता पूर्णांक धरली जात. त्या खानदानी अक्षरांबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पंतांच्या ईला मात्र ना कूळ, ना गोत्र.

दुसऱ्या दिवशी पंतांनी चूक दुरुस्त केली. मोठ्या मनानं नावही बदललं. फाइलमध्ये आता ईच्या जागी ई२ आहे.