ऑइलला मुदतवाढ

१९८३ म्हटलं की आपल्याला लॉर्ड्स आठवतं. ठाणे जिल्ह्यातल्या मोटारमालकाने मात्र त्या वर्षातल्या आणखी दोन तारखा पाठ कराव्यात. १ ऑक्टोबरला कल्याण महापालिका जन्माला आली आणि १४ डिसेंबरला मारुती ८०० ची पहिली किल्ली मालकाच्या हाती पडली. म्हणजे आपले रस्ते आणि आपली गाडी एकाच वर्षाची. पैकी मारुतीने आता आपल्याच्याने होत नाही हे ओळखून २०१४ च्या जानेवारीत ८०० बनवणं थांबवलं. रस्त्यांचं काम अजून चालू आहे.

कंपनीने बनवणं थांबवलं म्हणून आपण चालवणं थांबवतो असं नाही. डोंबिवली पूर्वेपासून ठाण्याच्या वर्तकनगरपर्यंत कुठल्याही जुन्या सोसायटीत डोकावा. पाण्याच्या टाकीशेजारी कव्हर घातलेली एक गाडी असतेच. ८००, झेन, सँट्रो, नाहीतर पहिल्या पिढीची वॅगन-आर. नंबर एमएच ०४ किंवा एमएच ०५. मालक निवृत्त, गाडीही जवळपास निवृत्त, पण दोघंही ‘अजून ठणठणीत’. दसऱ्याला तिला आंघोळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, बंपरला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. डॅशबोर्डवरचा गणपती दर दोन वर्षांनी नवा. गेल्या कित्येक दसऱ्यांत कोणी हात लावला नाही अशी तिच्यात एकच वस्तू आहे, ती म्हणजे इंजिनातलं ऑइल. ते वरून दिसत नाही ना! जे दिसत नाही त्यावर खर्च करायचा नाही, हे आपण नालेसफाईकडून शिकलो.

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये अजून आहे. इतकी जपलेली की प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आली नाही. तिच्यात सरळ लिहिलेलं असतं की ऑइल इतक्या किलोमीटरला किंवा इतक्या महिन्यांनी बदला, जे आधी होईल ते. जुन्या गाड्यांना साधारण पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, नंतरच्यांना दहा हजार किंवा एक वर्ष. आपल्याकडे हे कलम ‘जे नंतर होईल ते’ असं वाचतात. गाडी जाते डी-मार्टला, टिटवाळ्याच्या गणपतीला आणि भाऊबीजेला कल्याणच्या बहिणीकडे. या हिशेबाने दहा हजार किलोमीटर भरेपर्यंत बालवाडीतला नातू कॉलेजात जातो. तोवर ऑइलला मुदतवाढ.

आणि मुदतवाढीत वावगं ते काय? कल्याणचा पत्रीपूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला, नवा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. मधल्या काळात तारखा आल्या आणि गेल्या. जुन्या गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटची मुदत मार्च २०२५ अखेर संपणार होती, ती वर्षभर पुढे पुढे सरकत राहिली. पलावाचा पूल तर जुलै २०२५ मध्ये उघडला आणि त्याच दिवशी बंद करून दाखवला. एवढं सगळं पुढे ढकललं जात असताना एकट्या ऑइलनेच वेळ पाळावी, असा आग्रह धरणारे आपण कोण?

मालकाचा दुसरा बचाव जास्त भक्कम आहे. ‘गाडी चालतेच कुठे?’ हा प्रश्न त्याने संध्याकाळी सातला घोडबंदर रोडवर उभं राहून विचारावा. गाडी चालत नाही, हे शंभर टक्के खरं. इंजिन मात्र चालत असतं. मीटर चाकांचे फेरे मोजतो, पिस्टनचे नाही. मोकळ्या महामार्गावर ताशी पन्नासने दहा हजार किलोमीटर कापले तर इंजिन दोनशे तास चालतं. तेच दहा हजार शीळफाटा, कापूरबावडी, गायमुख असे ताशी दहाने कापले तर हजार तास. मीटरवरचा आकडा तोच, ऑइलला मजुरी पाचपट, आणि ओव्हरटाइमची नोंद कुठेच नाही. पुस्तिकेत बारीक अक्षरांत हेही लिहिलेलं असतं की सतत गर्दी, धूळ आणि जवळच्याजवळ फेऱ्या असा वापर असेल तर ऑइल आणखी लवकर बदला. कंपनी याला गाडी वापरण्याची कठीण परिस्थिती मानते. आपण ते पत्त्यात पिनकोडच्या आधी लिहितो.

गंमत अशी की ज्या कल्याण-शीळ रस्त्यावर हा ओव्हरटाइम चालतो, तिथे एके काळी मोटारी तयार होत. नव्वदच्या दशकाच्या मध्यात प्रीमियरच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडायची. फ्रेंच घराण्यातली, डोंबिवलीत वाढलेली. पुढे कारखाना गेला. आता त्या रस्त्यावर मोटारी बनत नाहीत, नुसत्या जमतात.

जवळच्याजवळ फेऱ्या हा आणखी एक गोड गैरसमज. सुनेला स्टेशनवर सोडलं, येताना कोथिंबीर आणली, गाडी पुन्हा कव्हरखाली. मालकाला वाटतं, गाडीला जपलं. पण एवढ्यात इंजिन पुरतं तापतच नाही. आत जमलेला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच मुरतं, त्यात काजळी मिसळते आणि चिकट गाळ तयार होतो. तो चेंबरच्या तळाशी पंपाच्या जाळीवर बसला की वरच्या भागांना ऑइल चढत नाही. चौथ्या मजल्यावर पाणी चढलं नाही की आपण सोसायटीच्या सेक्रेटरीला धारेवर धरतो. इथे सेक्रेटरी आपणच, त्यामुळे तक्रार येत नाही.

मग एक दिवस इंजिन टकटक करायला लागतं आणि काका नाक्यावरच्या गॅरेजात पोहोचतात. मिस्त्री बॉनेट उघडतो, ऑइलची पट्टी ओढतो, फडक्याला पुसतो, पुन्हा घालून पुन्हा ओढतो आणि उजेडाकडे धरतो.

“काका, हे काय आहे?”

“ऑइल.”

“ऑइल कसलं, डांबर झालंय.”

“मग नीट काढून ठेव. महापालिकेला कमी पडतंय.”

“चेष्टा नको काका. फिल्टरसकट बदलू या. वीस-चाळीस टाकतो.”

“कशाला उगाच? अर्धा लिटर वरून टाक. तसंही गाडी विकायचीच आहे.”

गाडी विकायचीच आहे, हे वाक्य कोपर पूल बंद झाला तेव्हापासून चालू आहे. पूल पाडला, नवा बांधला, २०२१ मध्ये खुलासुद्धा झाला. काकांच्या गाडीला अजून गिऱ्हाईक नाही, कारण जाहिरातीत ‘एकाच हातातली, कमी चाललेली’ असं लिहून किंमत नव्या गाडीची सांगितलेली आहे.

वरून अर्धा लिटर टाकणं हे शास्त्र नवं नाही. पावसाळ्यात खड्ड्यात खडी टाकतात तेच हे. पातळी भरून येते, फोटो चांगला निघतो, खालचा रस्ता होता तसाच राहतो. ऑइल काळं पडणं हा त्याचा गुन्हा नव्हे. त्यातली रसायनं काजळी आणि बारीक कण धरून ठेवतात म्हणून तर ते काळं दिसतं, म्हणजे काम करतंय. पण धरण्याची ताकद संपली की तीच घाण बेअरिंगांवर बसते. त्यात वरून टाकलेलं ताजं ऑइल म्हणजे सगळं खातं बरबटल्यावर एकच प्रामाणिक अधिकारी बदलून आणणं. महिनाभरात तोही काळा.

कधीतरी मिस्त्री जिंकतो आणि ऑइल बदलायचं ठरतं. मग खरी दक्षता सुरू होते. डबा आपल्यासमोरच उघडायचा, सील दोनदा तपासायचं, निघालेला जुना फिल्टर मागून घ्यायचा, रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडायचं, म्हणजे त्यात कोणी नकली माल भरायला नको. एवढी तपासणी आपण फ्लॅटचा ताबा घेताना केली असती तर भिंती गळल्या नसत्या.

निघालेलं काळं ऑइल कुठे जातं, हे मात्र कोणी विचारत नाही. नियमाने तो घातक कचरा आहे, नोंदणी असलेल्या शुद्धीकरणवाल्याकडे जायला हवा. प्रत्यक्षात काही गटारातून खाडीला मिळतं आणि काही सेंट्रिंगच्या फळ्यांना फासलं जातं, स्लॅबचं काँक्रीट चिकटू नये म्हणून. म्हणजे रस्ता तुंबल्यामुळे जे ऑइल खराब झालं, त्याच्याच जोरावर पुढचा टॉवर उभा राहतो आणि रस्ता आणखी तुंबतो. नियोजन नाही असं कोण म्हणतं?

सरकारचंही जुन्या गाडीवर लक्ष आहे. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी, तीही पाच-पाच वर्षांची. तिचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून थेट पाच हजारांवर गेलं. वर पर्यावरण कर. पीयूसी, विमा, दिवे, ब्रेक, चेसिस नंबर, सगळं तपासलं जातं. ऑइल कधी बदललंत, एवढंच कोणी विचारत नाही. आणि कागदावर विचारलं नाही, ते आपण केलं नाही, हा तर नागरिकाचा मूलभूत हक्कच आहे. ८०० मध्ये तीन लिटरसुद्धा ऑइल बसत नाही. फिल्टर आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आसपास काम होतं. ते वाचवून इंजिन बांधायला काढलं की त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, पण तो खर्च ‘अचानक उद्भवलेला’ असतो. त्याला मंजुरी लगेच मिळते.

इंजिन बिचारं मोर्चा काढत नाही, नगरसेवकाकडे जात नाही, निवडणुकीची वाट पाहत नाही. त्याच्याकडे एकच साधन आहे. ऑइलचा दाब पडला की डॅशबोर्डवर किटलीच्या आकाराचा लाल दिवा लागतो. पुष्कळ गाड्यांत तो गणपतीच्या पायाआड झाकलेला असतो. तरीही ठाणे ते कल्याण या पट्ट्यात, सिग्नलचा लाल दिवा पाहून कधीही न थांबलेला माणूस या दिव्यापाशी हमखास थांबतो. फरक एवढाच की हा पुढे हिरवा होत नाही.