भिंतीवरची सायकल

"काय करूलालीस गं?"

भिंतीपलीकडून काकूंचा हा आवाज आला की गॅस बारीक करून यावं, हे मी आता शिकले आहे. आमच्या दोन घरांमधली भिंत खांद्याएवढी. तिच्यावर त्यांची कोथिंबिरीची कुंडी, आमचं वाळत घातलेलं पायपुसणं, आणि मधली हातभर जागा कोपर टेकायला मोकळी.

"भांडी घासतेय. काकू, रात्री तुमच्याकडं कशाचा आवाज झाला?"

"तेच सांगायला आले. पण आधी तू सांग, तुम्ही सगळे रस्त्यावर कामून पळालात?"

काय सांगणार? रात्री अडीचच्या सुमाराला धाडकन काहीतरी आदळलं, पाठोपाठ घंटीची किणकिण झाली, आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळ्यांच्या आधी अंगणात. एरवी त्यांना बाजेवरून उठवायला दोघी लागतात. हातात नातीचा दंड घट्ट धरलेला आणि तोंडात एकच शब्द, भूकंप. आमच्या भागात पन्नाशीच्या पुढच्या माणसाला रात्री आवाज झाला की दुसरं काही सुचतच नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं गणपती बोळवून दमून झोपलेली. किल्लारी, सास्तूरकडं घरंच्या घरं झोपलेल्या माणसांवर आली. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद. ज्या भिंतीच्या आधारानं माणूस निजायचा तीच अंगावर पडली. आत्याबाई त्यानंतर किती तरी दिवस उघड्यावरच झोपत होत्या. अजूनही त्यांच्या उशाशी भिंतीवर कॅलेंडरशिवाय काही टांगू देत नाहीत.

"भूकंप कसला, सायकल पडली," काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग एकदम गंभीर. "तुझ्या सासूबाईंना सांग, चुकलं म्हणावं."

तर झालं असं. काकूंचा थोरला नातू पुण्याला शिकायला. सुट्टीला येताना धाकट्या बहिणीसाठी गेरची सायकल घेऊन आला. पुण्यात म्हणे ती खाली पार्किंगमध्ये ठेवायची सोय नाही; सीटला नुसता खटका असतो, तो दाबून सीटच काढून नेतात. म्हणून तिकडं पोरं सायकल तिसऱ्या मजल्यावर खोलीत नेतात आणि भिंतीला टांगतात. बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर!

"मला नेलं होतं त्यानं मागं, कर्वेनगरला," काकू सांगू लागल्या. "विक्रम पेंडसे म्हणून आहेत, त्यांनी सायकलींचंच संग्रहालय केलंय. दीडशेच्या वर सायकली गं! एक तर लढाईतली, विमानातून उडी मारणाऱ्या शिपायांसाठी केलेली, मधोमध घडी होणारी. मी म्हटलं, असली घेतली असतीस तर कोठीत पोत्यांमागं ठेवली असती. झंझटच नको."

नातवानं ऐकलं नाही. ड्रिल आणलं, दोन आकडे आणले, भिंतीत प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळला, सायकल टांगली आणि फोटो काढला. फोटो छान आलाय, मी पाहिला. पण काकूंची ती नवी खोली चार इंची, पोकळ ब्लॉकची. आत पोकळ, वर गिलावा. गिट्टीनं धरायचं कशाला? चौदा-पंधरा किलोचं ओझं दिवसभर लोंबकळत राहिलं आणि रात्री भाकरीएवढा गिलाव्याचा खपला घेऊन खाली आलं.

"वीट भरीव असती तर धरलं असतं का?" मी विचारलं.

"वेल्डिंगवाला म्हणाला, भरीव विटेत लोखंडी फास्टनर बसतो, तो धरतो. गिलाव्यात नाही. आणि जुन्या मातीच्या भिंतीत तर खिळासुद्धा मारू नका म्हणाला. माझ्या सासऱ्यांना हे न शिकता माहीत होतं बघ. ते सायकल ढेलजेत ठेवायचे. खांबाला साखळी, तीही बैलाची."

आणि मग काकांची सायकल निघाली, निघणारच होती. लग्नात मिळालेली ॲटलस. घड्याळ, रेडिओ आणि सायकल ठरली होती. रेडिओ आला नाही म्हणून काका रुसले, तर काकूंच्या वडिलांनी सांगितलं, सायकलला घंटी आहे, तीच ऐका. दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार. संध्याकाळी मडगार्ड पुसायला घासलेटाचं फडकं वेगळं, त्याला कुणी हात लावायचा नाही. २०२० साली ३ जूनला ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनालाच. काकांनी बातमी वाचली, चष्मा काढला आणि त्या दिवशी जेवताना मीठ कमी आहे हेसुद्धा बोलले नाहीत. काकूंच्या मते एवढं दुःख त्यांना सासरे गेल्यावर झालं नव्हतं.

"ती सायकल आता कुठंय?"

"गोठ्यात. तिच्यावर कोंबड्या बसतात. सीटचं रेक्झिन तुमच्या शेळीनं खाल्लं, विसरलीस?"

विसरले नव्हते. शेळी आमचीच, काळी, उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी शेळीचं काही बदललं नाही. जुळी करडं देते आणि समोर येईल ते चघळते. मी विषय बदलला. "मग आता नवी सायकल कुठं ठेवणार?"

इथं काकूंचा चेहरा असा उजळला की मला कळलं, सगळ्या बोलण्याचा रोख इकडंच होता. त्यांच्या पत्र्याच्या शेडला लोखंडी अँगल आहेत. बोअर झाल्यापासून विहिरीवरची कप्पी पडून होती. ती वेल्डिंगवाल्यानं अँगलला जोडून दिली. दोर कप्पीवरून, दोराच्या टोकाला सळईचा आकडा, आकड्याला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, म्हणजे रंग खरवडत नाही. बारा वर्षांची पोर एकटी दोर ओढते आणि सायकल वर. खाली खुंटीला गाठ. बैल बांधायची, ओढेल तेवढी आवळणारी. शेळीचं तोंड पोचत नाही, कोंबड्यांना मात्र अजून आशा आहे.

"आणि कुलूप?"

"चाकाचं कुलूप कशाला कामाचं? चोर खांद्यावर घेऊन जाईल. सासऱ्यांची साखळी काढली. चाकातून नाही, मधल्या तिकोनातून घालायची आणि खांबाला. काकांनी पैडलच्या नळीच्या पोटावरचा नंबर वहीत उतरवून बिलाला टाचणी मारून ठेवलाय. ठाणं गावातच आहे, पण तिथं जाऊन निळी सायकल होती एवढंच सांगितलं तर ते तरी काय शोधणार?"

उन्हाळ्यात पत्र्याखाली टायरात टच्च हवा ठेवायची नाही, हे काकांनी पलीकडून ओरडून सांगितलं. म्हणजे ते सगळं ऐकत होते. बसक्या टायरवर उभी राहिली की रबराला चिरा जातात, टांगलेली बरी, हेही त्यांचंच. मग म्हणाले, "माझीसुद्धा चढवा वर." काकू म्हणाल्या, "वीस किलोची आहे ती. अँगल माझ्या माहेरचा नाही."

संध्याकाळी आम्ही सगळ्या बघायला गेलो. पोरीनं दोर ओढला, कप्पी विहिरीवर करायची तशीच कुरकुरली, सायकल डुलत वर गेली. आत्याबाई भिंतीला धरून आमच्या बाजूनं बघत होत्या. बराच वेळ बघितलं. खाली कुणी निजत नाही ना, एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर मान डोलावली.

रात्री बघते तर त्यांनी नातीला हाताशी धरून बाज त्या भिंतीपासून ओढून नेली होती, पार दाराच्या तोंडाशी.